ब्रेक सुटण्याआधी माणसं मोजा

श्रोतेहो, नमस्कार.

विमान मागे ढकललं जातं, इंजिनं सुरू होतात आणि मग ते थोडा वेळ जागीच उभं राहतं. आत बसलेली मंडळी घड्याळ बघायला लागतात. त्या थोड्या वेळाबद्दल मी आज बोलणार आहे, कारण तेव्हा विमानाच्या नाकाखाली माणसं वाकून काम करत असतात आणि कॉकपिटमधून ती दिसत नाहीत.

१६ डिसेंबर २०१५च्या रात्री मुंबई विमानतळावर एअर इंडियाचं एअरबस ए-३१९ विमान हैदराबादला निघालं होतं. विमान मागे ढकलून झालं होतं, इंजिनं चालू होती. जमिनीवरची माणसं बाजूला होण्याआधीच विमान टॅक्सीसाठी, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीकडे जाण्यासाठी, पुढे सरकलं आणि एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला. इशारा समजण्यात सहवैमानिकाची गल्लत झाली, अशी माहिती त्या वेळी पुढे आली होती.

हे कसं घडतं, ते समजून घ्यायला हवं. पुशबॅक म्हणजे टग नावाचा ट्रॅक्टर टोबार नावाच्या दांड्याने विमानाला मागे ढकलतो. हा टोबार नाकाच्या चाकाला जोडलेला असतो. त्या चाकाचं स्टीअरिंग तेवढ्यापुरतं मोकळं राहावं म्हणून एक बायपास पिन लावलेली असते, तिला लाल फीत लोंबत असते. काम झालं की वैमानिक पार्किंग ब्रेक लावतो. मग टोबार सोडायचा, टग बाजूला न्यायचा, पिन काढायची, वैमानिकाशी बोलायच्या हेडसेटची वायर काढायची. ही सगळी कामं नाकाच्या चाकापाशी होतात आणि इंजिनं असतात तिथून काही मीटर मागे, पंखाखाली. विमान उभं आहे तोवर हे अंतर पुरेसं असतं. पण ते पुढे सरकलं, की इंजिनच माणसाकडे चालत येतं.

शिवाय उभं विमान हलवायला वैमानिकाला जोर वाढवावा लागतो. बोइंग ७३७चं इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे अगदी कमी जोरावर, चालू असलं, तरी त्याच्या तोंडासमोर सुमारे ३ मीटरचा पट्टा धोक्याचा मानतात. जोर वाढला की तो ४ मीटरच्या पुढे जातो. म्हणजे माणूस सर्वांत जवळ यायची शक्यता आणि इंजिनाची ओढ वाढण्याची वेळ, दोन्ही एकच.

कानाने सावध होता येईल, असंही नाही. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, चार विमानांचा आवाज एकत्र असतो, कानांवर आवाज अडवणारे मफ असतात. कोणतं इंजिन चालू आहे आणि कोणतं बंद, हे आवाजावरून कळत नाही. म्हणून पंख्याच्या मधल्या टोकावर पांढरी वळणदार खूण रंगवतात, पंखा फिरतोय हे ती डोळ्यांना सांगते. विमानाच्या पोटाखालचा आणि पाठीवरचा लाल दिवा, म्हणजे बीकन, लुकलुकत असेल, तर इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे, असंच धरायचं.

नियम माहीत असणं पुरेसं नाही, हे अमेरिकेतल्या एका घटनेने दाखवलं. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला एक एम्ब्राएर विमान येऊन उभं राहिलं होतं. इंजिन अजून चालू होतं, बीकन लागलेला होता. विमान यायच्या आधी तिथल्या चमूला दोन वेळा सावध केलं होतं, की इंजिन बंद होईपर्यंत जवळ जायचं नाही. तरी एक कर्मचारी इंजिनात ओढली गेली. तोंडी सूचनेवर सगळा भार टाकणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. हातातलं काम संपवायची घाई असली, की माणसाचे पाय सवयीनेच चालतात.

टॅक्सीआधीची शेवटची खूण मला मोलाची वाटते ती त्यासाठीच. जमिनीवरचा माणूस विमानापासून दूर, वैमानिकाला दिसेल अशा जागी जाऊन उभा राहतो. पिन हातात उंच धरून लाल फीत दाखवतो आणि अंगठा वर करतो. वैमानिकाने ती पिन स्वतः पाहायची, उलट खूण करायची, आणि त्यानंतरच ब्रेक सोडायचा. पिन दिसली नाही, तर विमान हलवायचं नाही. सगळं झालं असेल, असं गृहीत धरायला इथे जागाच नको.

सहार, मरोळ, विलेपार्ल्याच्या वस्त्यांमधून रात्रपाळीला निघणारे कितीतरी जण हे काम करतात. त्यातले बरेच कंत्राटी असतात. विमानाला उशीर झाला की 'लवकर आटपा' हा दबाव सर्वांत आधी त्यांच्यावर येतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि सुपरवायझर मंडळींना माझं स्पष्ट सांगणं आहे की पुशबॅकच्या वेळी तुमच्या वॉकीटॉकीवरून घाईचा एकही शब्द जाऊ देऊ नका. नाकाखाली किती जण गेले ते मोजा आणि तितकेच बाहेर आलेले दिसल्याशिवाय अंगठा वर होऊ देऊ नका.

आणि एप्रनवर काम करणाऱ्या मित्रांनो, टोपी उडाली, पाना खाली पडला, चोक (चाकाला लावायचा अडसर) राहिलाय असं वाटलं, तर धावत आत शिरू नका. हेडसेट काढलेला असेल, तर वैमानिकाला समोरून दोन्ही हातांची फुली करून थांबण्याची खूण करा, त्याची उलट खूण मिळू द्या, इंजिनं बंद करायला लावा. पाच-दहा मिनिटं उशीर झाला, तर त्याचं उत्तर द्यायला तुमचे वरिष्ठ आहेत.

नमस्कार.