आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला, म्हणजे काय झालं?

[काळी स्लाइड, अगदी जवळून]

आरए फॅक्टर म्हणजे आमवातात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) बहुतेकदा रक्तात सापडणारं एक प्रतिपिंड (अँटीबॉडी). तो असा शोधतात: रक्तातून वेगळ्या केलेल्या सीरमचा एक थेंब, शेजारी पांढुरक्या लेटेक्सचा (तपासणीच्या द्रवाचा) एक थेंब. काडीने दोन्ही ढवळायचे, स्लाइड हलक्या हाताने गोल फिरवायची आणि बरोबर दोन मिनिटांनी बघायचं. नासलेल्या दुधासारखे कण दिसले, तर आरए फॅक्टर पॉझिटिव्ह. मात्र पाच-सात मिनिटं उशीर झाला की कडेने सुकत चाललेला साधा थेंबही कण धरल्यासारखा दिसतो. आमवाताचा खोटा शिक्का कधीकधी इथेच बसतो.

वेळ अचूक पाळली तरी सगळं मिटत नाही. हिपॅटायटिस सी, क्षय, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग, झालंच तर नुसतं उतारवय, यांतही हा फॅक्टर सापडतो. चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने बोटं आखडलेल्यांतही कधीकधी. उलट, खरा आमवात असलेल्या चारांतल्या साधारण एकाच्या रक्तात तो नसतोच.

[सुजलेली बोटं, मुठीचे सांधे]

म्हणून जोडीला अँटी-सीसीपी ही दुसरी रक्ततपासणी. दाह चालू असताना एक विकर (एन्झाइम) प्रथिनांमधल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन करून टाकतं. आमवातात शरीर या बदललेल्या प्रथिनांनाच परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. अँटी-सीसीपी तपासणी तीच शोधते. सांधा दुखायच्या कित्येक वर्षं आधीही ती रक्तात असू शकतात. ही तपासणी आरए फॅक्टरपेक्षा बरीच नेमकी आहे. पण निगेटिव्ह आली म्हणून आमवात नाहीच, असं नाही.

आता आमवात ठरवायचे 2010 चे निकष पाहा. दहापैकी सहा गुण हवेत. आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी कमाल मर्यादेच्या वर, पण तिप्पटपर्यंत असेल तर 2 गुण, तिप्पटीच्या वर गेलं तर 3. म्हणजे मर्यादा 20 असताना 24 आणि 90 यांना एकाच मापाने मोजत नाहीत. ईएसआर किंवा सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारे रक्तातले आकडे, वाढलेले असतील तर आणखी 1. बेरीज झाली चार! नुसत्या रक्तावर कुणी सहाला पोचत नाही. उरलेले गुण सुजलेले-दुखरे सांधे आणि सहा आठवड्यांचा कालावधी यांचे. मुळात एक तरी सांधा सुजलेला डॉक्टरांच्या हाताला लागल्याशिवाय हे गणित मांडायचंच नसतं.

[उभ्या नळीत खाली सरकणारं रक्त]

उपचार सुरू झाल्यावर दर महिन्याला अँटी-सीसीपी करून घेणं म्हणजे पैसे वाया. आजार आटोक्यात येतोय का, हे सांधे मोजून आणि ईएसआर-सीआरपीवरून कळतं. ईएसआर म्हणजे रक्तपेशी नळीत खाली बसण्याचा वेग. तो मोजायच्या वेस्टरग्रेन पद्धतीत चार भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रावण), नळी ताठ उभी आणि तासाभराने वाचन. नळी जराशी कलली तरी पेशी भराभर घसरतात आणि आकडा फुगतो. अंगात रक्त (हिमोग्लोबिन) कमी असलं तरी फुगतो. आपल्याकडे बायकांच्या रिपोर्टात हे हमखास विसरलं जातं. सीआरपीला ही अडचण नाही, शिवाय ते चढतं-उतरतंही झटपट.

एक अपवाद मात्र जपायचा. यकृताला सीआरपी बनवायला लावणारा निरोप्या म्हणजे आयएल-6, आणि आमवातावरचं टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन नेमकं त्याचंच काम अडवतं. हे इंजेक्शन चालू असताना न्यूमोनिया झाला तरी सीआरपी नॉर्मल येऊ शकतं. अशा पेशंटला ताप किंवा खोकला आला, तर रिपोर्टच्या भरवशावर घरी थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि कोणतं इंजेक्शन चालू आहे ते आधी सांगायचं.