कुंडीतला वाफसा

श्रोतेहो, नमस्कार. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार अशा आपल्या गावांतल्या रोपवाटिकांमध्ये आता एक नाजूक लोंबती वेल दिसते. दोऱ्यासारखी बारीक, जांभळट दांडी, तिच्यावर ठरावीक अंतराने समोरासमोर आलेली बदामाच्या आकाराची छोटी पाने, पानांवर रुपेरी नक्षी आणि खालून जांभळी झाक, असे तिचे रूप आहे. रोपवाटिकेत तिला ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’ म्हणतात आणि तिचे शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी असे आहे. हौसेने आणलेली ही वेल पुष्कळ घरांत फार दिवस टिकत नाही, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा पाण्याचा अभाव नसून पाण्याचा अतिरेक हे असते. म्हणून आजचे बोलणे तिच्या पाण्यापुरतेच ठेवणार आहे.

ही वेल मूळची दक्षिण आफ्रिकेकडची. जॉन मेडली वुड या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती १८८१ साली नाताळ प्रांतातल्या एका डोंगरावर खडकांवरून लोंबताना आढळली आणि त्याचेच नाव तिला मिळाले. तिच्या पाण्याचे गणित या खडकातच दडलेले आहे. खडकाच्या फटीत माती मूठभर असते, पाऊस आला की ती चिंब होते आणि पाणी लगेच वाहून जाते. पुढचा पाऊस येईपर्यंत वेलीला स्वतःच्या साठ्यावर दिवस काढावे लागतात. हा साठा ती दोन ठिकाणी करते. थोडे पाणी जाडसर पानांत असते, तर खरा साठा मातीखालच्या कंदांत असतो. दांडीच्या पेरांवर जे मण्यांसारखे गोळे दिसतात, तेही छोटे कंदच असतात. रोग समजून कोणी ते खुडून टाकू नयेत. निवडुंगाइतकी ही वेल कोरडेपणाला सरावलेली नाही आणि मनीप्लँटसारखी सतत ओल तिला मानवत नाही. आपल्या सह्याद्रीतली कंदीलपुष्पे, म्हणजे खरपुडी, हीदेखील याच कुळातली आणि कंद बाळगणारी आहेत, त्यामुळे आपल्याला हा स्वभाव अगदीच परका नाही.

खानदेशातल्या शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जमिनीत ओल आहे, पण मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवाही खेळते आहे, अशी ती स्थिती. केळीच्या बागेत ठिबक किती वेळ चालवायचे हे ज्याला वाफशावरून कळते, त्याने कुंडीतल्या वेलीलाही तोच न्याय लावावा. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो. पोकळ्या पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, कुजवणाऱ्या बुरशींना रान मोकळे मिळते आणि आधी मुळे, मग कंद सडू लागतात.

त्यामुळे पाण्याआधी मातीचा विचार करावा लागतो. आपली काळी कसदार माती कापसाला आणि केळीला उत्तम असली, तरी या वेलीच्या कुंडीत ती नुसती भरू नये. तिच्यातली चिकणमाती पाणी धरून फुगते आणि सुकताना आक्रसून भेगाळते. शेतात ते चालते, पण वीतभर कुंडीत मुळे आधी बुडतात आणि नंतर तुटतात. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा चांगले कुजलेले पानखत, दोन भाग जाड वाळू किंवा परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे हलके पांढरे खडे) आणि एक भाग बागेतली भुसभुशीत माती, असे मिश्रण पुरेसे होते. वाळू नदीची, धुतलेली आणि भरड असावी, कारण बारीक रेती पोकळ्या बुजवते. कुंडी मुळांच्या पसाऱ्यापेक्षा किंचितच मोठी निवडावी. मोठ्या कुंडीत न वापरलेली माती दिवसेंदिवस ओली राहते.

आता प्रत्यक्ष पाणी. ‘आठवड्यातून एकदा’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि माझ्या मते तो निरुपयोगी आहे, कारण मे महिन्यातला आठवडा आणि ऑगस्टमधला आठवडा यांत काहीच साम्य नसते. वार पाहून पाणी घालू नये, कुंडी पाहून घालावे. पाणी दिल्यावर कुंडी एकदा हातात उचलून तिचे वजन लक्षात ठेवावे, म्हणजे पुढे ती हलकी झाली की हातालाच समजते. खराट्याची कोरडी काडी मातीत तळापर्यंत खोचून काढावी. तिला ओलसर माती चिकटून आली, तर थांबावे. तिसरी खूण पानाची. मध्यम वयाचे एखादे पान दोन बोटांत धरून अलगद दुमडून पाहावे. ते टणक असेल, तर साठा शिल्लक आहे; सहज वाकत असेल आणि काडीही कोरडी निघाली असेल, तर पाण्याची वेळ झाली आहे.

काडी आणि पान या दोन्ही खुणा एकत्र पाहणे फार महत्त्वाचे आहे. पान मऊ पडले, पण माती ओली आहे, अशी स्थिती असेल, तर वेल तहानलेली नसून तिची मुळे कुजल्यामुळे पाणी वर पोहोचत नसते. अशा वेळी मऊ पान पाहून कळवळ्याने आणखी तांब्याभर पाणी ओतले जाते आणि वेल हातची जाते. पाने पिवळी, काचेसारखी अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत होणे, दांडी मातीलगत काळपट पडणे, ही अतिपाण्याची लक्षणे आहेत. तहानेने मात्र पाने पातळ होतात आणि सुरकुततात. कंद शाबूत असतील, तर पाणी मिळताच ती बहुधा पूर्ववत होतात.

पाणी द्यायचे ठरले की हात आखडता घेऊ नये. तळाच्या भोकातून ओघळेपर्यंत सगळ्या मातीवर फिरवून घालावे आणि निथळल्यावर बशीतले पाणी ओतून टाकावे. टांगत्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना खाली घट्ट बसवलेली बशी असते. तिच्यात साचलेले पाणी बाहेरून दिसत नाही, म्हणून ती काढता येत असेल, तर पाणी देताना काढावी. रोज चमचाभर पाणी शिंपडण्याची सवय सर्वांत वाईट, कारण तिने वरचा थर सदैव ओला राहतो आणि तळाची मुळे कोरडीच राहतात. एक अडचण मात्र हमखास येते. कोकोपीट पूर्ण वाळले की ते पाणी शोषेनासे होते. पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली उतरते आणि पाणी दिल्याचे समाधान तेवढे आपल्याला मिळते. अशा वेळी कुंडी बादलीतल्या चार बोटे पाण्यात अर्धा तास ठेवावी, वरची माती ओलसर दिसली की काढून निथळू द्यावी.

आपला उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देते. ते थेट कुंडीत घालणे म्हणजे मुळे शेकणे होय. पहाटे किंवा भल्या सकाळी पाणी द्यावे, किंवा आदल्या रात्री बादलीत काढून निवलेले पाणी वापरावे. वरच्या मजल्यावरच्या घरात छताजवळ टांगलेली कुंडी तापलेल्या स्लॅबमुळे रात्रीही गरम राहते आणि लवकर सुकते. चार महिने ती खाली, खिडकीजवळच्या उजेडात, पण दुपारच्या उन्हापासून दूर ठेवावी. कूलर चालू असलेल्या खोलीचा हिशेब आणखी वेगळा आहे. कूलरच्या थेट झोतात पाने फडफडून दुखावतात, पण झोताबाहेरच्या कोपऱ्यात हवा दमट असल्याने माती अपेक्षेपेक्षा हळू वाळते. बाहेर लू वाहते आहे म्हणून त्या कोपऱ्यातल्या वेलीलाही रोज पाणी द्यावे, असे मुळीच नाही.

मृगाचा पाऊस सुरू झाला की मात्र खरी परीक्षा असते. ढगाळ, दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि उन्हाळ्यातली सवय हातातून सुटत नाही. या काळात कुंडी झडीपासून आत घ्यावी आणि दोन पाण्यांतले अंतर निःसंकोच वाढवावे. थंडीत, विशेषतः धुळ्याकडे रात्रीचा पारा दहा अंशांखाली उतरतो तेव्हा, वाढ जवळजवळ थांबते. त्या दिवसांत लिंबाच्या बागेला ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात, तसा तिलाही थोडा ताण दिला, तर बिघडत नाही.

बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. पावसाचे पाणी साठवून वापरणे उत्तम. ते नसेल, तर अधूनमधून गोड्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन निथळू द्यावी.

सुट्टीत गावी जाणाऱ्यांसाठी एक सूचना. निघण्याच्या दिवशी सकाळी वेलीला पोटभर पाणी द्यावे, कुंडी घरातल्या थंड, उजेडाच्या जागी हलवावी आणि बशी रिकामी करावी. आठ-दहा दिवस ती कंदांवर सहज काढते. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवणार असाल, तर तुळशीला रोज पाणी घाला असे जरूर सांगा. आणि या वेलीला घालू नका, हेही त्याच वेळी बजावून सांगा. नमस्कार.