हात दाखवा, बस थांबेलच असं नाही

पत्रकावर तुमच्या मंडळाने छापलंय ‘माल्टा सहलीची उपयुक्त माहिती’, म्हणजे व्हिसा, खर्च, बस, खाणं वगैरे, आणि ते मी सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट बोलून टाकते कारण ती गेली दोन वर्षं पोटात आहे. छोटा देश पटकन बघून होतो असं ज्याने कुणी पसरवलंय ना, त्याला मला एकदा माल्टातल्या बुजिब्बा गावाच्या बसस्टॉपवर उभं करायचंय. ऑगस्टमध्ये. भर दुपारी.

आमच्या ट्रॅव्हल एजंटने, नाव नाही घेत, अजून त्याच्याकडे रिफंड अडकलाय, सांगितलं होतं की मॅडम इटलीला जोडून दोन रात्री माल्टा करा, पुरतं. मला पण पटलं. नकाशा काढून बघितला, अख्खा देश 316 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या साधारण निम्मा, आणि मुख्य बेटाची लांबी 27 किलोमीटर, दादर ते ठाणे आणि वर थोडं. म्हटलं हे तर रिक्षाने होईल. पण दादर ते ठाणे आपण लोकलने जातो हो! तिथे लोकलच नाही. एकच रेल्वे होती, राजधानी व्हॅलेटाहून तिथल्याच मदिना नावाच्या जुन्या शहराकडे जाणारी, ती 1931 मध्ये बंद पडली. आता सगळा कारभार रस्त्यावर, आणि रस्ते जुन्या गावांमधून, दोन्ही बाजूंनी पिवळसर चुनखडीच्या भिंती, त्यात प्रत्येक घरी गाडी. म्हणून माझं म्हणणं असंय की तिथे किलोमीटर बघूच नका, मिनिटं बघा.

तर गोष्ट अशी. आम्ही तिघं, मी, आमचे हे आणि आमच्या वन्सं, त्या बघा दुसऱ्या रांगेत बसल्यात, हो म्हणतील. बुजिब्बाहून चिरकेव्वाच्या धक्क्यावर जायचं, तिथून गोझो बेटाची बोट पकडायची. अंतर बारा-तेरा किलोमीटर असेल. साडेदहाला स्टॉपवर उभे. पहिली बस आली आणि सरळ निघून गेली, अर्धी रिकामी! आम्ही तिच्याकडे बघतोय, ती आमच्याकडे बघत नाहीये. मग तिथल्या एका आजींनी सांगितलं की बाई हात पुढे करायला लागतो, नाहीतर तो थांबत नाही. म्हणजे आपल्या एसटीचं ‘हात दाखवा, गाडी थांबवा’! आयुष्यभर लाल डब्याला हात दाखवलेली माणसं आम्ही, आणि युरोपात गेलो म्हणून हात खिशात घालून सभ्यपणे उभे. (हशा)

दुसरी बस आली. तिघांनी तीन हात केले. ड्रायव्हरने आतूनच हाताने नाही-नाही केलं, बस भरलेली. तिथे बस भरली की भरली, दारात लोंबकळणं वगैरे प्रकार नाही. तिसरी बस, तीही भरलेली, काचेला चिकटलेली गोरी लाल झालेली माणसं, आणि ती आमच्याकडे ज्या नजरेने बघत होती ना, ती मी विरार फास्टमध्ये बसून बोरिवलीच्या प्लॅटफॉर्मकडे बघते तेव्हाची. सावली किती, तर खांबाची जेवढी पडेल तेवढी, त्यात वन्सं उभ्या, मी त्यांच्या सावलीत. शेवटी वन्सं म्हणाल्या, “वहिनी, सकाळी चालायला लागलो असतो तर आत्ता गोझोत जेवत असतो.” चौथी बस थांबली. ड्रायव्हर कोट्टयमचा निघाला, तिकडे आता आपल्याकडचे पुष्कळ आहेत, ड्रायव्हर, नर्सेस, डिलिव्हरीवाली मुलं. मी त्याला हिंदीत झापलं, त्याने शांतपणे सांगितलं, आंटी, मधल्या स्टॉपवर उभं राहू नका, जिथून बस सुटते तिथे जा, आणि साडेआठच्या आत. आजच्या व्याख्यानातली सगळ्यात उपयुक्त माहिती हीच आहे, लिहून घ्या, व्हिसाचं नंतर घ्या.

पुढे चिरकेव्वाला अजून गंमत. आमचे हे तिकीटखिडकी शोधत फिरतायत, आणि लोक नुसते बोटीत चढतायत. जाताना तिकीटच नाही! गोझोहून परत येताना, मजारच्या धक्क्यावर पैसे घेतात, पाच युरोच्या आत, जाऊन-येऊन. हिशोब बरोबरच आहे, बेटावर गेलेला माणूस परत येणारच. पण हे मूळचे रत्नागिरीचे, फुकट बोट यांना झेपेना, पंचवीस मिनिटं दर खलाशाकडे अपराध्यासारखं बघत होते.

आता नावांचं बोलू, कारण बस चुकण्याचं अर्धं कारण नावं आहेत. माल्टीज भाषा मुळात अरबीच्या घरातली, पण लिहितात रोमन लिपीत, आणि अक्षरांचे उच्चार आपल्याला वाटतात ते नाहीत. एक्स दिसला की श म्हणायचं. क्यू दिसला की गप्प बसायचं, म्हणजे घशात जरासं अडखळायचं आणि पुढे जायचं. जे म्हणजे य. जीवर टिंब असेल तर ज, सीवर टिंब असेल तर च. हे एकदा डोक्यात बसलं की बसच्या पाट्या आपोआप वाचता येतात. कोळ्यांचं गाव आहे ना, रविवारचा बाजार भरतो ते, त्याचं स्पेलिंग बघून आमचे हे ‘मार्साक्सलॉक’ म्हणायचे, कंडक्टर तर नसतोच, ऐकणार कोण. खरा उच्चार मार्साश्लोक! मार्सा म्हणजे बंदर, आणि श्लोक म्हणजे आग्नेयेकडून येणारा वारा. वन्संना इतकं आवडलं की तिथल्या रंगीत होड्यांसमोर उभं राहून त्यांनी ‘शुभं करोति’ म्हटलं. त्या होड्यांच्या नाळेवर दोन डोळे काढलेले असतात, नजर लागू नये म्हणून, ते वेगळं समजावून सांगायला लागलं नाही.

आणि शब्द बघा, जग म्हणजे ‘दिन्या’, आपली दुनिया. देव म्हणजे ‘अल्ला’, आणि म्हणणारे कोण, तर कट्टर कॅथलिक. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या काळाला ‘रांदान’ म्हणतात, ईस्टरला ‘ईद’. मी चर्चबाहेरची पाटी दोनदा वाचली. ज्यांना वाटतं भाषा आणि धर्म एकाच दाव्याला बांधलेले असतात त्यांनी तर तिथे जावंच, पण ते जाऊ दे, तो आजचा विषय नाही.

आणि आपला संबंध नाही असं नका समजू हं. 1878 मध्ये रशिया-तुर्कस्तानचं प्रकरण पेटलं तेव्हा इंग्रजांनी इथून सातेक हजार हिंदी सैन्य माल्टाला नेलं होतं, मुंबई बंदरातून, त्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. लढाई झालीच नाही, काही आठवडे तिथे तळ ठोकला आणि मग त्यांना सायप्रसला हलवलं. त्या शिपायांनी तिथे काय खाल्लं असेल याचा मी फार विचार करते. त्यांना तरी एजंटने दोन रात्री सांगितल्या नव्हत्या.

काय? दहा मिनिटं? अहो आत्ता तर सुरू केलं. बरं, घड्याळावरून आठवलं. तिथल्या कितीतरी चर्चना दोन घड्याळं असतात, एक बरोबर वेळ दाखवतं, दुसरं चुकीची, म्हणे सैतानाला प्रार्थनेची खरी वेळ कळू नये म्हणून. तुम्ही मला दाखवताय ते कुठलं? (हशा) मोस्ताच्या मोठ्या घुमटाच्या चर्चलाही अशी दोन आहेत, आणि त्याच चर्चमध्ये 9 एप्रिल 1942 ला बॉम्ब घुमट फोडून आत पडला, आत शेकडो माणसं, आणि तो फुटलाच नाही. तिथे त्याची प्रतिकृती ठेवलीये.

चला, आता भराभर. व्हिसा शेंगेनचा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो, तिकडे लाल टेलिफोन बूथ आणि डावीकडून गाड्या बघून लोकांना वाटतं इंग्लंडचा चालेल, नाही चालत. फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, म्हणजे इटली मोठी असेल तर इटलीकडे. चलन युरो, 2008 पासून.

राहायचं कुठे, तर व्हॅलेटा नाहीतर स्लिमा, मध्ये खाडीतून फेरी आहे, काही मिनिटांत पोचवते, ट्रॅफिकचा प्रश्नच नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी ऐका, समोरच्या तीन शहरांकडे जाणाऱ्या फेरीच्या धक्क्यावरून वर व्हॅलेटातल्या अप्पर बाराक्का बागेत यायला लिफ्ट आहे, 58 मीटर, पायऱ्या चढू नका. दुपारी बाराला तिथे तोफ उडते. सेंट जॉन्सच्या कॅथीड्रलमध्ये खांदे झाकलेले हवेत, टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत, खाली फरशीभर, पूर्वी माल्टावर राज्य केलेल्या ख्रिस्ती सरदारांच्या संगमरवरी समाध्या आहेत. इटालियन चित्रकार कारावाज्जोचं 1608 चं चित्र तिथे आहे, त्याने स्वतःची सही केलेलं ते एकच, सही पण कशात, तर चित्रातल्या रक्तात.

हाल साफ्लिएनीचं हायपोजियम, म्हणजे जमिनीखालचं पाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान, तासाला फक्त दहा माणसं सोडतात, तिकीट काही आठवडे, सीझनला काही महिने आधी ऑनलाइन काढा. आम्हाला नाही मिळालं, अजून बोलणी खाते. कॉमिनो बेटाच्या ब्लू लगूनला, म्हणजे निळ्या पाण्याच्या खाडीला, सीझनमध्ये आता आधी स्लॉट बुक करावा लागतो. आणि गोझोची ती समुद्रातली दगडी कमान, अझूर विंडो, ती 8 मार्च 2017 ला वादळात कोसळली, एजंटच्या ब्रोशरवर अजून उभी आहे.

खाणं. पास्तित्सी नावाची खारी असते, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाणा. शिवण मध्यावर उघडी असेल तर चीज, कडेला असेल तर वाटाणा, हे शिका म्हणजे काउंटरवर बोट दाखवून काम होतं. वाटाण्याची चव मला थेट आपल्या पॅटिसची वाटली. कडक शाकाहारींनी पिठात चरबी कुठली ते विचारून घ्या. गोड हवं तर इमआरेत, खजूर भरून तळलेले, आपल्या करंजीची चुलतबहीण, गरमच खा. नळाचं पाणी पिता येतं पण बरंचसं समुद्राचं गोडं केलेलं, कारण देशात एक नदी नाही, चहा वेगळाच लागतो. बाटली घेतली तर 10 सेंट डिपॉझिट, रिकामी मशीनमध्ये टाकून परत घ्या, वन्संनी पूर्ण गल्लीतल्या जमा केल्या होत्या.

दिवस किती? सात. निदान. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर.

झालं, झालं, चहा आलाय ना, दिसतोय मला. एवढंच, प्लग इंग्रजी तीन चौकोनी पिनांचा लागतो, रोममध्ये घेतलेला अडॅप्टर तिथे चालत नाही, आम्ही दोन वेळा घेतला. माझा हा इथे टेबलावर ठेवते, ज्यांचं ठरलंय त्यांनी न्या, पण वहीत नाव लिहून.