गिमलीच्या तोंडी कुणाचे शब्द?

[पडद्यावर: मोरिया या भूमिगत नगरीचा तुटका जिना, खाली धगधगती दरी]

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटातला प्रसंग. जिना मधोमध तुटलाय. अंधारातून बाण येतायत. एकेक जण पलीकडे उडी मारतोय. बुटक्या ड्वार्फ जमातीतल्या गिमलीची पाळी येते, सोबतचा योद्धा अ‍ॅरागॉर्न त्याला उचलायला हात पुढे करतो आणि गिमली त्याला तिथंच अडवतो: ड्वार्फला कुणी फेकायचं नाही! मग स्वतःच उडी मारतो, ती जरा तोकडी पडते. एल्फ जमातीतला लेगोलास त्याची दाढी पकडून त्याला वर खेचतो.

डिसेंबर २००१. जे. आर. आर. टॉल्किनच्या कादंबरीवरचा पीटर जॅक्सनचा पहिला चित्रपट 'द फेलोशिप ऑफ द रिंग' प्रदर्शित झाला. वाक्य हशा घेणारंच होतं, पण टॉल्किनच्या अनेक जुन्या वाचकांच्या कपाळाला आठी पडली. पुस्तकात हे वाक्य नाही. बुटक्या माणसांना उचलून फेकण्याचा हिडीस खेळ १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या बारमध्ये चालायचा, हा विनोद त्यावर बेतलेला. पुढच्याच वर्षी 'द टू टॉवर्स'मध्ये तो पुन्हा आला. हेल्म्स डीप या किल्ल्याच्या लढाईत गिमली अ‍ॅरागॉर्नला हळूच म्हणतो, फेक मला, पण त्या एल्फला सांगू नकोस.

[पडद्यावर: हेल्म्स डीपची तटबंदी]

आता याच हेल्म्स डीपमधला पुस्तकातला गिमली बघा. लढाई संपल्यावर तो लेगोलासला तिथल्या गुहांबद्दल सांगत बसतो. मशालीच्या उजेडात लखलखणारे खांब, स्थिर पाणी, त्यात पडलेली छतांची प्रतिबिंबं. इतकं भरभरून बोलतो, की गुहांशी काडीचं देणंघेणं नसलेला लेगोलास त्या बघायला यायचं कबूल करतो. अट एकच, गिमलीनं त्याच्याबरोबर फॅन्गॉर्नच्या जंगलात यायचं.

पुस्तकातला गिमली गंभीर आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. शत्रू मोजण्याची पैज मूळ पुस्तकातलीच आहे. लेगोलासचे ४१, गिमलीचे ४२. म्हणजे तक्रार विनोदाची नाहीच. विनोद ठेवला आणि गुहांबद्दलचं बोलणं गाळलं, ही तक्रार आहे. माझ्या मते ती रास्त आहे.

पहिल्या चित्रपटाच्या शेवटी अ‍ॅरागॉर्न म्हणतो, चला, ऑर्कची (शत्रूच्या राक्षसी सैनिकांची) शिकार करू. पुस्तकात याच जागी तो म्हणतो की एल्फ, ड्वार्फ आणि माणूस या तिन्ही कुळांनी नवल करावं असा पाठलाग आपण करू. पीटर जॅक्सनच्या बाजूचे चाहते विचारतात, असं भारदस्त, जुन्या वळणाचं बोललेलं आजच्या प्रेक्षकाला पचलं असतं का?

हा प्रश्न टॉल्किनच्या हयातीतच त्याला विचारला गेला होता. त्याची जुन्या वळणाची भाषा एका वाचकाला खटकली. १९५५ साली टॉल्किननं उत्तराचा मसुदा लिहिला आणि त्यात राजा थिओडेनचं एक बोलणं मुद्दाम रोजच्या भाषेत उतरवून दाखवलं. थिओडेन एकदम चहाच्या टेबलावरचा सद्गृहस्थ वाटायला लागतो! टॉल्किनचं म्हणणं असं, की जो माणूस या भाषेत बोलेल, तो असा विचारच करणार नाही. मसुदा त्यानं पाठवला मात्र नाही.

[पडद्यावर: एओविन आणि ग्रिमा]

पटकथाकारांना हे कळत नव्हतं असं नाही. फ्रॅन वॉल्श, फिलिपा बॉयन्स आणि जॅक्सन यांनी एक धूर्त युक्ती वापरली: टॉल्किनची वाक्यं ठेवायची, तोंडं बदलायची. रात्रीच्या कडू प्रहरी थिओडेनची भाची एओविन अंधाराशी काय बोलत असेल, हे पुस्तकात जादूगार गॅन्डाल्फ म्हणतो, तेही पार तिसऱ्या खंडात, तिच्या भावाला. चित्रपटात तेच शब्द थिओडेनचा कपटी सल्लागार ग्रिमा तिच्यापुढे उभा राहून उच्चारतो. सहानुभूतीचं वाक्य विखारी झालं. ग्रिमा झालेला ब्रॅड डूरिफ ते इतकं हळू बोलतो, की क्षणभर तीही ऐकत राहते. 'द रिटर्न ऑफ द किंग'ला २००४ मध्ये मिळालेल्या ११ ऑस्करांत रूपांतरित पटकथेचंही होतं.

[पडद्यावर: पेलेन्नॉरचं रणांगण]

आणि एक वाद काही मिटत नाही. कुणा पुरुषाच्या हातून मरणार नाही असं मानल्या गेलेल्या शत्रूच्या सेनापतीसमोर, विच-किंगसमोर, एओविन चित्रपटात शिरस्त्राण काढून एवढंच म्हणते: मी पुरुष नाही. आणि तलवार खुपसते. पुस्तकात ती आधी हसते, आपलं नाव सांगते, बापाचं नाव सांगते, निघून जा म्हणून बजावते. इथं मी चित्रपटाच्या बाजूनं. डोक्यावर गदा फिरत असताना वंशावळ पडद्यावर टिकली नसती. पण पुस्तकात तिचं बोलणं ऐकून विच-किंग गप्प होतो, त्याला शंका येते. तो गप्प झालेला विच-किंग चित्रपटात नाही, आणि पुस्तकवाले त्याबद्दल हळहळतात ते उगीच नव्हे.