व्होकॅलॉइडची गाणी शोधताना

श्रोतेहो, नमस्कार.

निळसर हिरव्या केसांच्या दोन लांब शेपट्या असलेली हात्सुने मिकू आता आपल्याकडेही पुष्कळ जण चित्रावरून ओळखतात. तिची गाणी ऐकायला गेलं, की बहुतेकांच्या वाट्याला तीच ती आठ-दहा येतात. याचं कारण शोधण्याच्या पद्धतीत आहे. आपण मिकूचं नाव टाकतो. पण मिकू हे संगणकावरचं वाद्य आहे. भावगीत शोधताना आपण हार्मोनियमच्या नावाने शोधत नाही, संगीतकाराच्या नावाने शोधतो. इथेही तेच करायचं.

व्होकॅलॉइड हे यामाहा कंपनीचं गायन-सॉफ्टवेअर. त्याचे पहिले आवाज २००४ साली विक्रीला आले. सप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने ३१ ऑगस्ट २००७ रोजी मिकू बाजारात आणली; त्यासाठी आवाज दिला साकी फुजिता या अभिनेत्रीने. अशा आवाजासाठी एका व्यंजनातून स्वरात, एका स्वरातून दुसऱ्या व्यंजनात जाण्याचे जोड-तुकडे गाऊन घ्यावे लागतात. जपानीसाठी एका पट्टीत सुमारे ५०० जोड पुरतात, इंग्रजीसाठी जवळजवळ २५०० लागतात. म्हणून जपानी आवाज तयार करणं सोपं गेलं. ऐकायला-दाखवायला जागाही होती: निकोनिको ही व्हिडिओंची जपानी साइट २००६च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली होती. घरी बसून गाणी करणाऱ्यांना अचानक गायिका मिळाली.

हे गाणी करणारे लोक आपल्या नावापुढे ‘पी’ लावतात. पी म्हणजे प्रोड्यूसर. जपानी बोलीत व्होकॅलॉइडचं ‘बोकारो’ होतं आणि तो माणूस ‘बोकारो-पी’. आज जपानचा आघाडीचा गायक असलेला केंशी योनेझू आधी ‘हाची’ या नावाने अशी गाणी करत होता. २०१२ साली त्याने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या गळ्याने पहिला अल्बम काढला. योआसोबी या लोकप्रिय जपानी जोडीतला आयासे हाही बोकारो-पीच. तेव्हा एखादं गाणं आवडलं, की पहिलं काम म्हणजे व्हिडिओखालची श्रेयनामावली वाचणं. भाषांतराच्या साधनातून काढलीत तरी चालेल. ‘साकुशी’ म्हणजे शब्द, ‘साक्क्योकू’ म्हणजे चाल, ‘हेन्क्योकू’ म्हणजे संगीत-संयोजन, आणि ‘चोसेई’ म्हणजे आवाजाला वळण लावणारा माणूस. पुष्कळदा हे चारही एकच असतात. नसतील, तर शोधायच्या चार वाटा मिळाल्या.

नाव रोमन लिपीत टाकलंत तर निम्मी गाणी निसटतात. मूळ जपानी अक्षरं उचलून शोधपेटीत चिकटवा. याहून पक्का मार्ग म्हणजे व्होकाडीबी ही रसिकांनी उभी केलेली सूची. तिच्यात प्रत्येक गाण्याची वेगळी नोंद असते: मूळ की दुसऱ्याने गायलेलं की रिमिक्स, कोणता आवाज, कोणत्या तारखेचं. पुष्कळ नोंदींत शब्दही मिळतात: मूळ, रोमन आणि कधी भाषांतर. व्हिडिओच्या दुव्यापुढे तो मूळ आहे की कुणी पुन्हा चढवलेला, हेही लिहिलेलं असतं. हा तपशील फार कामाचा. यूट्यूबवर अनोळखी लोकांनी पुन्हा चढवलेल्या प्रती भरपूर आहेत. त्या ऐकलंत तर करणाऱ्याचं नाव कळत नाही, त्याच्या पुढच्या गाण्याकडे जायची वाट तिथेच तुटते.

आणखी दोन ठिकाणी गल्लत होते. ‘उतात्ते मिता’, म्हणजे ‘गाऊन पाहिलं’, असं लिहिलेला व्हिडिओ माणसाने गायलेला असतो, आणि लोकप्रिय गाण्यांच्या शोधात तोच कधीकधी मुळाच्या वर येतो. दुसरं असं, की फक्त ‘व्होकॅलॉइड’ शब्दाने शोधलंत तर बरंच काही सुटतं. मिकूसारखाच आवाज असलेली कासाने तेतो २००८ साली उताऊ या मोफत सॉफ्टवेअरवर आली आणि २०२३ साली सिंथेसायझर व्ही या दुसऱ्या गायन-सॉफ्टवेअरवर. २०२१ची काफू सेवियो एआयवर चालते. यांतली एकही यामाहाची नाही. या दोघींची गाणी त्यांच्या नावाने शोधा.

निकोनिकोवर दर्शकांच्या टिप्पण्या चित्रावरून उजवीकडून डावीकडे धावतात. त्रास झाला तर बटण दाबून बंद करता येतात. एक लाख वेळा पाहिलेल्या गाण्याला तिथे ‘देन्दो’, म्हणजे दालनात मानाची जागा, अशा अर्थाचं लेबल लागतं. दहा लाखांनंतर ‘देन्सेत्सू’, म्हणजे दंतकथा. सुरुवात दंतकथांपासून करायला हरकत नाही, पण तिथेच थांबू नका. २०२०च्या डिसेंबरपासून ‘द व्होकॅलॉइड कलेक्शन’ हा उत्सव भरतो. त्यात नवख्यांची क्रमवारी वेगळी लागते आणि माझ्या मते ताजं काही ऐकायचं तर तीच यादी उघडावी.

आता ऐकायचं काय? सॉफ्टवेअरमध्ये पियानोच्या पट्ट्यांसमोर सूर आडवे मांडतात आणि प्रत्येक सुराखाली एक अक्षर लिहितात. तेवढ्यावर सोडलं तर आवाज सपाट येतो: प्रत्येक सूर सारख्याच जोराचा, शेवट कापल्यासारखा. वळण लावणारा माणूस मग सुराच्या आरंभी किंचित खालून वर नेणारी मींड काढतो, शेवटी कंप देतो, श्वासाचं प्रमाण वाढवतो. ‘जेंडर फॅक्टर’ कमी केला की आवाज बारीक, पोरसवदा होतो. वाढवला की भरदार. मिकूच्या पहिल्या आवृत्तीसाठी सुचवलेला पल्ला साधारण दीड सप्तकाचा होता आणि लय मिनिटाला ७० ते १५० ठोक्यांची. वोवाकासारख्या बोकारो-पींनी वेगाच्या आणि उंचीच्या जोरावर या वाद्यासाठी वेगळीच शैली घडवली; श्वास घ्यायला जागाच नाही अशा ओळी. ज्यांना हा आवाज कृत्रिम वाटून नकोसा होतो त्यांनी अशा गाण्यांपासून सुरुवात करावी. तिथे आवाज माणसाची नक्कल करत नाही, म्हणून खटकतही नाही.

गाण्याचे शब्द स्वतः गाऊन पाहायचे असतील तर देवनागरीत लिहून घ्या. जपानी अक्षरमालेचा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत-अभ्यासातून आला आहे: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ‘सा’ बसतो च-वर्गाच्या जागी आणि ‘हा’ प-वर्गाच्या. चंद्राला जपानीत जो शब्द आहे त्याचा पहिला ध्वनी आपल्या ‘चूक’मधल्या च सारखा, आणि रक्ताच्या शब्दाचा ‘चिमणी’मधल्या च सारखा, मराठी जिभेला दोन्ही येतात. मात्र लेखी शब्दांमध्ये ‘हा’ हे अक्षर विभक्तीसारखं वेगळं आलं, तर उच्चार ‘वा’ होतो. सॉफ्टवेअरला हे आपोआप कळेलच असं नसतं. म्हणून गाणं करणारा तिथे मुद्दाम ‘वा’ भरतो. विसरला, तर मिकू सरळ ‘हा’ गाते.