उपग्रहाला न दिसणारा समुद्र

उत्तर ध्रुवाजवळचा बर्फ कमी होतोय हे उपग्रह रोज दाखवतात, मग विद्यार्थ्यांना तिकडे कशाला पाठवायचं? हा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी आज तीन-चार मिलिमीटरच्या एका जिवाच्या आधारे देणार आहे.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर लाँगयरब्येन नावाचं गाव आहे, ७८ अंश उत्तरेला. तिथे १९९३ पासून विद्यापीठ केंद्र चालतं. फील्डवर्कला निघण्याआधी मुलांना तिथे बंदूक चालवायला शिकवतात, कारण गावाबाहेर पांढरं अस्वल केव्हाही समोर येऊ शकतं. त्याच्याही उत्तरेला न्यू-ऑलेसुंड. १९६२ च्या भीषण अपघातानंतर तिथली कोळशाची खाण बंद झाली आणि आज ते संशोधकांचं गाव आहे. भारताचं 'हिमाद्री' केंद्र २००८ पासून तिथेच आहे. समोरच्या काँग्सफियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्रात, आपल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये 'इंडआर्क' ही पाण्याखालची वेधशाळा बसवली. पाण्याचं तापमान आणि क्षारता ती वर्षभर टिपते.

या फियोर्डमध्ये २००६ च्या हिवाळ्यापासून अटलांटिकचं कोमट पाणी जोरात शिरू लागलं आणि हिवाळी बर्फ फार घटला. वरून एवढंच दिसतं. पाण्याच्या आत मात्र वेगळंच काही चाललं आहे.

बोटीवरून बारीक जाळीचं निमुळतं जाळं खोल सोडायचं आणि सावकाश वर ओढायचं. तळाच्या बाटलीत जे जमतं ते काचेच्या ताटलीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. तिथे कोपेपॉड दिसतात, म्हणजे कोळंबीचे इवलेसे दूरचे नातलग. सुरुवातीला म्हटलेला जीव तो हाच. लांब मिशा, पारदर्शक अंग आणि अंगाच्या मधोमध तेलाची लांबट पिशवी. कोकणात आपण आगोटीची बेगमी करतो ना, तशी ही त्यांची बेगमी. वसंतात शेवाळ खाऊन तेल साठवायचं आणि काळोखाचे महिने त्यावर काढायचे. थंड पाण्यातली 'ग्लेशियालिस' जात मोठी आणि तेलकट असते. अटलांटिकच्या पाण्याबरोबर येणारी 'फिनमार्किकस' लहान, आणि तिच्यात तेलही कमी.

या कोपेपॉडांवर जगणारा लिटल ऑक हा समुद्रपक्षी ओंजळीत मावेल एवढा. पिलं वाढवताना तो दिवसाला साठ हजारांच्या आसपास कोपेपॉड पकडतो, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. घासागणिक तेल घटलं, तर त्याला तेवढ्याच उष्मांकासाठी किती जास्त बुड्या माराव्या लागतील, याचा विचार करा.

आता गंमत बघा. या दोन जाती वर्षानुवर्षं शरीराच्या लांबीवरून ओळखल्या गेल्या. पुढे डीएनए तपासला तेव्हा कळलं की दोघींची लांबी बऱ्याच ठिकाणी एकमेकींत मिसळते आणि नुसत्या मोजपट्टीने ओळख चुकते. म्हणजे जुन्या नोंदी पुन्हा तपासायच्या, जपून ठेवलेले नमुने पुन्हा उघडायचे. हे काम चिकाटीचं आहे आणि ते तरुण हातांनीच होणार आहे.

ध्रुवीय रात्रीतलं, म्हणजे सूर्य उगवतच नाही त्या हिवाळी महिन्यांतलं काम मला त्याहून मोलाचं वाटतं. हिवाळ्यात तिथला समुद्र झोपलेला असतो असं मानत. काळोखात जाऊन मोजल्यावर उलट दिसलं. प्राणिप्लवकांची, म्हणजे कोपेपॉडसारख्या पाण्यात तरंगणाऱ्या इवल्या प्राण्यांची वर-खाली ये-जा तेव्हाही चालू असते. इतकंच नाही, संशोधन जहाजाच्या नेहमीच्या दिव्यांनी दोनशे मीटर खोलीपर्यंतचे मासे आणि प्लवक आपली वागणूक बदलतात, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. आपण मोजायला गेलो आणि आपल्याच उजेडाने मोजमाप बिघडलं! शाश्वततेचा धडा याहून थेट कुठे मिळणार? बर्फ हटल्यावर तिथे जहाजं वाढतील, मासेमारी वाढेल. त्या दिव्यांचं काय करायचं, हे आत्ताच ठरवायला हवं.

तुमच्यापैकी ज्यांना हे करायचं आहे त्यांनी वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे लक्ष ठेवावं. आपल्या आर्क्टिक मोहिमा तिथूनच आखल्या जातात. पण बोलावणं येईपर्यंत थांबू नका. प्लवकाचं जाळं रत्नागिरीच्या मांडवीतही टाकता येतं, काळबादेवीच्या खाडीतही. कोपेपॉड तिथेही भरपूर आहेत. जाती वेगळ्या, पण नमुना फॉर्मॅलिनमध्ये ठेवणं, लेबलवर वेळ आणि खोली लिहिणं, ताटलीत एकेक जीव मोजणं, हे सगळं तेच आहे. पुढच्या भरतीपासून सुरुवात करा.