कुसळाचं मुसळ

(नेत्रदान पंधरवड्यात कणकवली तालुक्यातल्या एका ग्रामवाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, मला बोलावलंय नेत्रदानावर बोलायला. बोलेन, पण शेवटी आणि थोडंच. कारण महिना-सव्वा महिन्यात तुमची भातकापणी सुरू होईल, मग झोडणी, आणि दिवाळीच्या सुमारास माझ्या दवाखान्यात लाल डोळ्यांची रांग लागेल. मागच्या वर्षी एक आजी आल्या. डोळ्यात कुसळ गेल्याला बारा दिवस झालेले. मी जरा आवाज चढवला, तर मलाच म्हणाल्या, "डॉक्टरांनू, भाताचा कुसळ ता, तेच्यान काय होतला?"

आजींचं काय चुकलं? म्हणीतसुद्धा आपण कुसळ किरकोळच धरलंय, मोठं ते मुसळ. बुबुळाला मात्र ही म्हण लागू नाही.

डोळ्याच्या काळ्या गोलावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. मधोमध त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी एकही नाही. असती तर आरपार दिसलंच नसतं. प्राणवायू तो मुख्यतः हवेतून, अश्रूंमधून घेतो. या सोयीची किंमत अशी की जंतू शिरले तर रक्तातल्या लढाऊ पेशी तिथं पोचायला वेळ लागतो. सगळी भिस्त वरच्या पातळ थरावर. कुसळ नेमका तोच ओरबाडतं, आणि ओरबाडताना शेतातली बुरशी आत पेरून जातं. पुढे जखम भरली तरी पांढरा डाग ठेवून भरते. त्यालाच आपण 'फूल पडलं' म्हणतो. इतकं गोड नाव या रोगाला कुणी दिलं असेल, मला नेहमी प्रश्न पडतो.

आता एक अभ्यास सांगतो, मला तो फार आवडतो. नेपाळात भक्तपूरला गावातल्या साध्या आरोग्यसेवकांना बुबुळावरचं खरचटणं ओळखायला शिकवलं. सुमारे 35 हजार लोकवस्तीवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांचं बुबुळ खरचटलेलं आढळलं, त्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचं 1 टक्का मलम दिलं, दिवसातून तीनदा, तीन दिवस. 2001 साली निष्कर्ष छापून आले. जखमेनंतर 18 तासांच्या आत ज्यांचं मलम सुरू झालं, त्यांच्यातल्या एकालाही अल्सर, म्हणजे बुबुळावरची चिघळलेली जखम, झाला नाही. यंत्र नाही, ऑपरेशन नाही, एक स्वस्त ट्यूब आणि वेळेवर आलेला माणूस! मात्र ते मलम जिवाणूंवरचं आहे, बुरशीवरचं नाही. म्हणून मलम लावलं तरी दुसऱ्या दिवशी दुखणं ओसरलं नाही, तर उठून यायचं.

बुरशीचा अल्सर ओळखणंही अवघड नाही. जखमेचा कण खरवडून काचपट्टीवर घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. औषध कोणतं, यावर मोठा वाद होता. नॅटामायसिन जुनं, बुबुळात खोल शिरत नाही. व्होरिकोनाझोल नवं, आत शिरणारं, महाग. आम्हा डॉक्टरांचा कल अर्थातच नव्याकडे. मग दक्षिणेतल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत 323 रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली, 2013 साली ती प्रसिद्ध झाली, आणि जिंकलं जुनं. फ्युजेरियम नावाच्या बुरशीत तर फरक फारच ठळक होता. महाग ते भारी, हे माझ्याही डोक्यातून त्या दिवशी गेलं.

आजींनी त्या बारा दिवसांत काय केलं होतं? पदराच्या टोकानं काढून पाहिलं, मध घातला, आणि मग 'लाल डोळ्याचा ड्रॉप' आणला, कुणाच्या चिठ्ठीशिवाय. त्यात स्टिरॉइड होतं. दोन दिवस लाली उतरली, बरं वाटलं. लाली उतरते कारण शरीर लढायचं थांबतं. बुरशी थांबत नाही. आजींचा डोळा वाचला, नजर निम्मी गेली.

आता नेत्ररोपण. 7 डिसेंबर 1905 रोजी मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, ओलोमौत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी माणसावरचं पहिलं यशस्वी कॉर्नियारोपण केलं. रुग्ण होता एक मजूर, दोन्ही डोळे चुन्यानं भाजलेले. कॉर्निया मिळाला एका 11 वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातून. धातूचा तुकडा घुसून तो डोळा कायमचा गेला होता. रोपण दोन्ही डोळ्यांत झालं, एक गढुळलं, दुसरं स्वच्छ राहिलं. आज पूर्ण कॉर्निया बदलावाच लागतो असं नाही, बिघडलेला तेवढाच थर बदलता येतो. सर्वांत आतल्या थरातल्या पेशी पाणी उपसणाऱ्या पंपासारख्या असतात, मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. जपानमध्ये किनोशिता यांच्या गटानं त्या प्रयोगशाळेत वाढवून सुईनं डोळ्यात सोडल्या. 11 रुग्णांवरचा तो अहवाल 2018 चा. तरी पहिली पेशी कुणाच्या तरी दान केलेल्या डोळ्यातूनच येते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कळवा, पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा. चष्मा, मधुमेह, झालेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन, काही आड येत नाही. अर्ज भरला नव्हता म्हणून अडत नाही, घरच्यांनी हो म्हटलं की झालं.

मागच्या बाकावरून चुन्याबद्दल विचारताहेत. पानाच्या डब्याशी खेळताना पोराच्या डोळ्यात चुना उडाला तर काय? गाडी नंतर शोधा. आधी डोळा धुवा, अर्धा तास तरी, पापणी उलटून. आत चिकटलेले चुन्याचे कण ओल्या कापडाच्या टोकानं काढा, नाहीतर ते जाळतच राहतात.

हो काकू, विहिरीचं पाणी चालेल. जे हाताशी असेल ते.